मावळतीआधीचं सूप

लसूण घातलेलं सूप मी माझ्या जैन मित्राला 'जैन आहे' असं सांगून पाजलं. नकळत नाही. वेटरने मला स्पष्ट सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि तरीही पाजलं.

जळगावात आमची दुकानं शेजारीशेजारी आहेत. त्याचं कापडाचं, माझं स्टेशनरीचं. त्याचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले. तो स्वतः गिऱ्हाइकाशी आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतो. मी पिंप्राळ्याहून स्कूटरवर येतो, वाटेत त्याला घेतो, आणि दुकान उघडण्याआधी आम्ही पोह्यांच्या गाडीवर उभे राहतो. ही गाडी मला फार आवडते. पोहे बिनकांद्याचेच होतात. कांदा वेगळ्या डब्यात, ज्याला हवा त्याच्या बशीत वरून. त्यामुळे अख्ख्या बाजाराचा नाश्ता एकाच कढईतून निघतो. वर शेव, लिंबाची फोड, बाजूला तळलेली मिरची. कुणाला काही विचारावं लागत नाही.

आमच्या भागात बाहेर खाण्याची हीच रीत आहे आणि मला तिचं कौतुक वाटतं. हॉटेल कितीही मोठं असो, पाण्याच्या ग्लासाबरोबर प्रश्न येतो, "जैन की रेग्युलर?" त्या दिवशी आम्ही धुळ्याला माल बघायला गेलो होतो. दुपारी तिथल्या एका ढाब्यावर शेवभाजी मागवली. मालकाने कढई घासून घेतली, मित्रासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळा रस्सा केला, आणि तो माझ्या रश्श्याइतकाच लालभडक आणि जहाल होता. खाताना दोघांच्याही नाकातून पाणी.

"तुझ्यापेक्षा माझी भारी शे," तो म्हणाला.

"चाखू दे."

"तू चाख. तुझी मला चाखता येत नाही, हाच तर घाटा शे भो."

चातुर्मास चालू होता. त्या चार महिन्यांत तो सूर्यास्तानंतर काही खात नाही, पाणीही पीत नाही. परतताना एरंडोलच्या पुढे ट्रक आडवा झाला आणि आम्ही अडकलो. जळगावच्या वेशीवर आलो तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. गर्दीतून त्याच्या घरी पोचेपर्यंत दिवस मावळला असता. हायवेवरचं नवं चायनीज हॉटेल समोर दिसलं. तिथे त्याला न्यायचं मी कधीपासून म्हणत होतो.

हॉटेल सुंदर होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, काचेपलीकडे स्वयंपाकघर, त्यात कढईखाली भपकन उठणारा जाळ. नूडल्स हवेत उडवून पुन्हा झेलणारा आचारी. मित्र ते बघत क्षणभर उभाच राहिला, मग हात धुवायला गेला.

वेटर म्हणाला, "साहेब, नूडल्स जैन करून देतो, पण वेळ लागेल. सूप लगेच देतो, मात्र त्यात लसूण आधीच पडलेला आहे."

खिडकीतून सूर्य दिसत होता. दुपारपासून मित्राने काही खाल्लं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या झोकात त्याला आणून उपाशी परत न्यायची मला लाज वाटत होती. मी म्हणालो, "आणा सूप. नूडल्स जैन करा."

मित्र परत आला. "सांगितलंस ना?"

"सगळं जैन सांगितलंय."

तो घाईघाईने सूप प्यायला. जन्मात लसूण न चाखलेल्या माणसाला ती चव कशी ओळखू येणार? "काहीतरी वेगळंच शे," एवढंच म्हणाला आणि वाटी रिकामी केली. मग वर पाणी प्यायला आणि हात जोडून त्या दिवसाचं खाणंपिणं संपवलं. नूडल्स आल्या तेव्हा अंधार पडला होता. खास त्याच्यासाठी केलेल्या त्या नूडल्स मी एकट्याने खाल्ल्या. फार उत्तम होत्या. म्हणूनच संपवताना लाज वाटत होती.

पुढे त्याने त्या सुपाची बाजारभर स्तुती केली. मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. एका सकाळी गाडीवर म्हणाला, "चातुर्मास संपला की आईला तिथे नेणार. जन्मभर हॉटेलात नाही गेली. तुझं नाव सांगितलं, तेव्हा कुठे हो म्हणाली."

त्या दिवशी पोहे मी टाकून दिले.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी जैन मंडळी वर्षभरातल्या चुकांची माफी मागत ओळखीच्यांकडे जातात. तोही दरवर्षी माझ्या दुकानात येतो. मी हसून हात जोडतो, की झालं. यंदाही आला. काउंटरसमोर हात जोडून म्हणाला, "कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ कर भो."

त्याने माझं काहीच दुखावलं नव्हतं. मी त्याचे जोडलेले हात धरले आणि सगळं सांगून टाकलं.

तो स्टुलावर बसला. 

"सूपच ना? दुपारी ढाब्यावरच्या रश्श्यात लसूण नव्हता?"

"नाही. पण दिवस मावळत होता, तू उपाशी होतास, मला वाटलं..."

"उपाशी झोपायची आम्हाला लहानपणापासून सवय शे. एक जेवण चुकल्याने मी मेलो नसतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई तुझ्या भरवशावर येणार होती रे."

आणखी एक कारण जिभेवर आलं होतं, ते मी सोडून दिलं.

"काकूंना मी स्वतः येऊन सांगतो," मी म्हणालो. "तुझ्या पोटात काय जावं ते मी ठरवलं, आणि वर तुझ्याशी खोटं बोललो. मी चुकलो. मला माफ कर."