अण्णांनी तपासलेला गेम

कुठल्याही कामात सगळ्यात जास्त काय साठत असेल, तर ते किस्से! काम एकदाचं संपतं, किस्से मात्र उरतात. चहाला चार माणसं बसली, की एका किश्श्याचं बोट धरून दुसरा बाहेर येतो आणि मग कप गार होतात.

आमचं काम म्हणजे मदन महाल भागातल्या एका घराच्या वरच्या खोलीत बसून कॉम्प्युटर गेम बनवणं. हे सांगितलं की जबलपुरात समोरचा माणूस आदराने मान हलवतो आणि विचारतो, "अच्छा! और काम क्या करते हो?"

आम्ही तिघं. मीनल म्हणजे गेमची मालकीण. पुण्याची चांगली नोकरी सोडून ती आईवडिलांकडे परत आली आणि घराच्या वरच्या खोलीत तिने हा उद्योग मांडला. रोहित प्रोग्रॅमिंग करतो. त्याच्या वडिलांचं रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. त्याला मराठी सगळी कळते, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. आणि मी, सुधीर, चित्रं काढतो.

आमचा गेम पॉइंट-अँड-क्लिक जातीचा. यात मारामारी नाही, पळापळ नाही. चित्रातल्या वस्तूंवर माउसने क्लिक करायचं, सापडेल ते पिशवीत टाकायचं आणि योग्य ठिकाणी वापरायचं. आमच्या गेममध्ये एका लहान गावातलं चौकातलं मोठं घड्याळ बंद पडतं. ते दुरुस्त करायला गोदा नावाची मुलगी गाडीने येते. घड्याळाचे सुटे भाग गावभर विखुरलेले. ते जमवायचे, घड्याळ सुरू करायचं, की गोदा गाडीत बसून परत. गेम समाप्त.

गोदाच्या परत जाण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. प्रश्न मीनलच्या परत जाण्याचा होता.

तिचे वडील, अण्णा, डिफेन्सच्या फॅक्टरीत जन्मभर माल तपासून रिटायर झालेले. त्यांच्या हातून पास झालेला माल कधी परत आला नाही म्हणतात. मीनलची जुनी कंपनी तिला पुन्हा बोलवत होती, आणि अण्णांचं रोज जेवताना एकच पालुपद असे, "गाडीत बसायचं न् पुण्याला जायचं. त्यात काय कठीण आहे? गाडीत बसायला किती वेळ लागते?"

एक दिवस मीनल चिडून म्हणाली, "अण्णा, गेम पूर्ण झाला की तुम्हीच तपासा. कोणालाही न विचारता शेवटापर्यंत पोचलात, तर पुण्याचं नाव काढायचं नाही. अडकलात, तर मी बॅग भरते!"

अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मंजूर. पण मी सूट देत नसतो."

*

अण्णांच्या आधी आम्ही मीनलच्या आईला बसवलं. काकूंना माउस धरता आला की जगात कोणालाही येईल, असा आमचा हिशोब. माउस त्यांना लगेच जमला. अडलं भलतीकडेच!

गावात शिंप्याचं दुकान आहे. शिंप्याची पाठ वळली की कात्री उचलायची, एवढंच काम. काकू बसल्या, बसल्या, बसूनच राहिल्या.

"मीनल, इथं विचारायचं बटण कुठं आहे?"

"आई, विचारायचं नसतं. उचलायची कात्री."

"काहून? त्या बिचाऱ्याचं दुकान त्या कात्रीवर चालून राहिलं न्! माझ्या घरी हेच शिकली का तू?"

रोहित मदतीला धावला. "काकी, सब गेम में ऐसा ही होता है. हीरो लोगों के घर में घुसता है, सामान उठाता है, आगे जाता है."

"मग तो हीरो नाही बेटा, चोर आहे," काकू म्हणाल्या आणि माउस सोडून भाजी निवडायला गेल्या.

गंमत म्हणजे, इतकी वर्षं असले गेम खेळून आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही प्रत्येक वस्तूपुढे "घेऊ का?" घातलं. शिंपी म्हणतो, "घेऊन जा बाई, पण आठवणीने परत आणून दे." परत दिली नाही, तर तो पुढच्या वेळी बोलत नाही! मीनलच्या पुण्यातल्या मैत्रिणींना गेम दाखवला, तर त्यांना नेमकं हेच आवडलं. काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चोरी बंद केल्यावर कोणाचंही भलंच होते!"

*

या जातीच्या गेमचं एक मोठं दुखणं आहे. तुम्हाला दहा उपाय सुचतील, पण बनवणाऱ्याला जो सुचला तोच चालतो.

घड्याळवाल्याच्या टेबलाचा एक खण घट्ट बसलेला. त्याला मेणबत्ती चोळली की तो उघडतो, असं आम्ही ठरवलेलं. काकूंनी गोदाच्या पिशवीतून अंगाचा साबण काढला आणि खणाला लावला. गोदा म्हणाली, "याचा काही उपयोग नाही."

"काहून नाही?" काकू उठल्या. आम्हा तिघांना खाली स्वयंपाकघरात नेलं, ओट्याखालचा अडकणारा खण दाखवला, साबण चोळला आणि एका बोटाने सर्रकन ओढला. "आता बोला!"

रोहितने साबण मंजूर केला. नंतर त्यांनी खोबरेल तेल आणलं. तेही मंजूर. आता तो खण इतक्या गोष्टींनी उघडतो, की गोदा नुसती समोर उभी राहिली तरी उघडेल की काय, अशी मला भीती वाटते.

*

गोदाचा आवाज मीनलचा. बाहेरची कलाकार परवडणार कुठून? चुकीची वस्तू चुकीच्या जागी लावली की ती "याचा काही उपयोग नाही" म्हणायची, अगदी मीनलच्या त्या तुटक सुरात. पाचव्या-सहाव्यांदा ऐकल्यावर काकूंचे डोळे भरून आले.

"मी एवढं डोकं लावून राहिली, न् ही मला उलटून बोलते!"

अण्णा पेपरमागून म्हणाले, "घरात तेच उत्तर, गेममध्ये तेच उत्तर. नवीन काय बनवलं मग?"

मीनल वरमली. तिने बसून गोड नकार लिहिले आणि सगळे नव्याने बोलून रेकॉर्ड केले. "ही कल्पना चांगली आहे, पण इथं नाही जमणार." "थोडं वेगळं काही पाहू या का?" "तुम्ही इतकं सुचवता, मलाच लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी वर आलो, तर काकू कात्री विहिरीला लावून पाहत होत्या, मग दोरी बकरीला, मग साबण देवळाच्या पायरीला.

"काकू, असं नाही काही होणार," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. पण किती गोड बोलते रे ही! ऐकू तर दे!"

*

मझौली गावाहून काकूंचे भाऊ आले होते. तिथे त्यांचं धान्याचं दुकान आहे, म्हणजे बोलण्याचा व्यवसाय. मामांनी खण बघितला नाही, घड्याळ बघितलं नाही. गावातल्या प्रत्येक माणसाशी ते शेवटच्या वाक्यापर्यंत बोलले. बकरीशीसुद्धा बोलून पाहिलं! खेळणाऱ्याला कुणी घाई करत नाही, हे या गेमचं सुख त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

जेवायची हाक आली तेव्हा ते काळजीच्या सुरात म्हणाले, "भैया, बाकी सब ठीक आहे. पण ही पोरगी कवाची उन्हात फिरून राहिली, अन् तुमच्या गावात कोणी तिले चहा नाही विचारला?"

आम्ही चहाचं दुकान घातलं. त्याचा घड्याळाशी काही संबंध नाही. गोदा बसते, चहा पिते, उठते. तिथे सगळ्यात जास्त वेळ रमतात लोक.

*

आणि मग अण्णा.

खरी तपासणी नंतर व्हायची होती, पण एकदा त्यांनी नुसता हात साफ करून पाहिला. मी भिंतीच्या भेगेत एक पितळी चावी लपवलेली, अशी की बघणाऱ्याने कपाळ बडवावं. असली लपवाछपवी खेळणाऱ्याला आवडत नाही, हे मीनल मला ओरडून सांगत होती. पण मला त्या चावीचा भारी अभिमान! अण्णांनी चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि ओळीने, एक बोटभर जागा न सोडता, क्लिक करत निघाले. फॅक्टरीत माल तसाच बघायचे म्हणे. चहा यायच्या आत चावी पिशवीत!

"अण्णा, ही इतकी लवकर सापडायला नको होती," मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"मग ठेवली काहून?"

*

तर तो ठरलेला रविवार. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा वर गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही तिघं खाली काकूंसोबत. मीनल सोफ्याच्या कडेवर, नखं खात.

जेवणाच्या जरा आधी वरून टोले ऐकू आले. चौकातलं घड्याळ सुरू झालं! रोहितने उडीच मारली. "दीदी, हो गया! अब सिर्फ ट्रेन बची है!" म्हणजे गोदा प्लॅटफॉर्मवर, गाडी उभी, डब्याच्या दारावर एक क्लिक, संपलं.

अण्णा जेवायला खाली आले. मीनल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते जेवले, "वरण चांगलं झालं" म्हणाले आणि पुन्हा वर गेले.

एक तास गेला. दुसरा गेला. काकूंनी चहा ठेवला.

"अडकले ते," मीनल म्हणाली. "एवढं मोठं दार आहे डब्याचं, तेसुद्धा दिसलं नाही. सुधीरदादा, गेम फसला आपला. मी उद्या पुण्याला फोन करते."

तेवढ्यात वरून मीनलचाच आवाज आला, "ही कल्पना चांगली आहे, पण इथं नाही जमणार." मग थोड्या वेळाने पुन्हा, "थोडं वेगळं काही पाहू या का?" मग, "तुम्ही इतकं सुचवता, मलाच लाज वाटते." आणि मीनल आमच्यासमोर तोंड मिटून बसलेली!

शेवटी राहवेना. आम्ही सगळे पाय न वाजवता वर गेलो आणि दार ढकललं.

स्क्रीनवर प्लॅटफॉर्म, उभी गाडी, गोदा पिशवी घेऊन ताटकळलेली. अण्णा घाम पुसत होते.

"साबण रुळाला लावून पाहिला," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "चाक घसरायला पाहिजे न्! खण उघडते, गाडी काहून नाही थांबत? कात्री लावली, मेणबत्ती लावली. स्टेशनमास्तरला तीनदा विचारलं, आजची गाडी रद्द होते का. तोही ऐकत नाही."

रोहित काही बोलणार होता. काकूंनी त्याचा हात धरला.

मीनल अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "अण्णा, डब्याच्या दारावर क्लिक करा. जाते ती."

"ते तर मला जेवायच्या आधीच सापडलं," अण्णा म्हणाले, आणि पिशवीतून दोरी काढून त्यांनी ती इंजिनाला बांधून पाहिली.