ऑरिन त्या पायरीवर पाय का देत नव्हता

व्हर्ना टिल्सनचा कोणावरही चटकन विश्वास बसत नसे. शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेला. समोरचा रस्ता आणि आरशातली पोरं, दोन्हींवर एकदम नजर ठेवायची सवय तिला निवृत्तीनंतरही सुटली नाही. मग तिने ती नजर आपल्या पूर्वजांवर रोखली.

आमचं हॅलोफील्ड गाव मॅसॅच्युसेट्समधलं, इंग्रजांच्या राजाच्या काळात वसलेलं. त्या वर्षी गावाला तीनशे वर्षं पुरी होत होती आणि प्रत्येक जुन्या घराने आपापला इतिहास सभेत वाचायचा होता. टिल्सनांचा इतिहास व्हर्नाचा चुलतभाऊ ऑरिन वाचणार होता. मूळ पुरुष जोसाया याने एकट्याच्या हातांनी जंगल तोडून शेत उभं केलं, असं टिल्सन पिढ्यान्पिढ्या सांगत आले होते.

"एकट्याने?" व्हर्ना मला म्हणाली. मी तिची शेजारीण, त्यामुळे हे सगळं आधी माझ्या कानावर यायचं. "बायको अंथरुणाला खिळलेली, पोरं पाळण्यात. आणि हा बाबा एकटा दोनशे एकर साफ करतो? तू कधी झाडाचं एक खोड तरी उपटलंयस का?"

"अगं, जुन्या लोकांच्या अंगात ताकद असायची."

"ताकद होती गं, पण कोणाच्या अंगात?"

जोसायाचं थडगं ऑरिनच्या सफरचंदाच्या बागेमागे होतं आणि ऑरिन तिकडे कोणाला फिरकू देत नसे. व्हर्नाला वाटलं, थडग्याचा दगडच खोटा असणार. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, ऑरिन फळं घेऊन बाजाराला गेला होता तेव्हा, ती मला ओढत तिकडे घेऊन गेली. काखेत न्हाणीघरातला आरसा. आरशाने उन्हाची तिरीप दगडावर पाडली की झिजलेली अक्षरं उठून दिसतात.

दगड खरा निघाला. त्या काळच्या थडग्यांवर कोरत ती पंख असलेली कवटी, जोसायाचं नाव, साल, सगळं जिथल्या तिथे. व्हर्नाचं तोंड उतरलं.

"झालं समाधान?" मी म्हटलं. "आता चल, तो यायच्या आत."

पण तेवढ्यात ऑरिनची गाडी आलीच. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो नुसता पांढराफटक पडला. "आलाच आहात तर सफरचंदाचं सायडर घेऊन जा," असं पुटपुटत तो रस काढायच्या खोपीकडे वळला. त्याचा एक गुडघा कामातून गेलेला. तरी दारातली पायरी टाळून, चौकटीला धरून, कण्हत त्याने लांब ढांग टाकली.

व्हर्ना जागच्या जागी थांबली. त्या आवारातल्या बाकी सगळ्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या होत्या. ही एकच काळी, पाटीच्या दगडाची. एका टोकाला अर्धगोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे खांदे. आत्ताच तसा दगड आम्ही जोसायाच्या थडग्यावर पाहून आलो होतो.

"ऑरिन, या पायरीवर पाय का देत नाहीस रे तू?"

"निसरडी आहे."

"कोरडी ठणठणीत आहे."

 मग भिंतीला टेकवलेली पहार त्याने स्वतःच आणली.

दगड उलटला. खालच्या बाजूला माती आणि गोगलगायी. व्हर्नाने हाताने पुसलं. *व्हायोलेट, जोसाया टिल्सन यांची निग्रो सेविका. वय बावीस. सोबत तिचं मूल.* सेविका म्हणजे गुलाम, हे आम्हा तिघांनाही सांगावं लागलं नाही.

"लहानपणी आजोबांनी ही पायरी समतल करायला उचलली होती," ऑरिन म्हणाला. "तेव्हा मी वाचलं. आजोबा म्हणाले, वाचलंस ना, आता विसर."

"आणि तू जन्मभर नुसता ओलांडत बसलास!"

"काय करणार होतो? जेवणाच्या टेबलावर सांगणार होतो?"

"तिला पुरलंय कुठे?"

"आजोबांनी सांगितलं नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही माहीत, व्हर्ना."

तिचा विश्वास बसला नाही, हे मला दिसत होतं. दगड मात्र दोघांनी मिळून नेला आणि जोसायाच्या शेजारी, मागे नाही तर बरोबरीने, उभा केला. त्या श्रमाने ऑरिनचा गुडघा महिनाभर सुजलेला होता.

"ते मूल कोणाचं असेल?" परतताना मी विचारलं.

"जोसायाचं नाक बघितलंयस का तू कधी?" ती म्हणाली. "नाही ना? मीही नाही. आणि त्या मुलाचंही नाही. म्हणूनच मला झोप येणार नाही."

सभेत ऑरिनने जुना कागद बाजूला ठेवला आणि व्हायोलेटचं नाव मोठ्याने वाचलं.  दोनतीन माणसं उठून गेली. बाकीची थक्क होऊन त्याच्याकडे पाहत होती. व्हर्ना मात्र त्याच्याकडे पाहत नव्हती. पहिल्या रांगेतल्या, दुसऱ्या एका जुन्या घरातल्या म्हाताऱ्या कोल्बर्नबाईंवर तिची नजर होती. त्या थक्क झाल्या नव्हत्या. मान खाली घालून हातातल्या रुमालाची पुन्हा पुन्हा घडी करत होत्या.

"यांचंही शेत तेवढंच मोठं आहे," व्हर्ना माझ्या कानात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कोल्बर्नांकडे गेली. त्यांनी दार उघडलं नाही. ती तिथेच ओट्यावर बसून राहिली. दुपारी आतून कडी निघाल्याचा आवाज आला.