बापूंची सडन डेथ

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! अख्ख्या नंदुरबारनं हसून घेतलंय, तुम्हीच तेवढे उपाशी का राहता? फक्त चहा आधी संपवा. ठसका लागला तर मला बोल नको.

आमचं साड्यांचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, गिऱ्हाईकाशी अहिराणी आणि माइक हातात आला की एकदम शुद्ध मराठी! हा माइकच माझा वैरी. लग्न असो, बारसं असो, कुणाचा सत्कार असो, ‘शेठ, दोन शब्द बोला’ एवढं ऐकलं की मी उठलोच. विषय काय आहे, हे उभं राहिल्यावर विचारतो.

आता नंदुरबार म्हटलं की तुम्हाला मिरची आठवते. पण आमच्याकडे फुटबॉलचा एक नॉकआउट कप आहे, आजोबांच्या पिढीपासून चालत आलेला! हरला तो घरी, जिंकला तो पुढे. दुसरी संधी नाही. या कपाच्या कमिटीचे अध्यक्ष भिका आबा. मिरचीचे मोठे व्यापारी, तरुणपणी फॉरवर्डला खेळायचे. परवाच्या हिवाळ्यात ते दुकानात आले.

“शेठ, औंदा फायनलले कपना इतिहास सांगनं पडी. तुम्हीच बोला.”

“बोलतो की!”

“फुटबॉल समजस ना?”

“आबा, गोल चेंडू, पायानं मारायचा. त्यात न समजण्यासारखं काय आहे?”

आबांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, “सकाय पथारीवर या. सगळं सांगस.”

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं रान. लांबच लांब लाल गालिचा. दिसायला असा देखणा, की फोटो काढावा. पण फोटो लांबूनच काढावा! मी जवळ गेलो आणि पहिल्या शिंकेला माझा चष्मा उडाला. आबा मात्र त्या धुरळ्यात असे उभे, जसे बागेत फिरायला आलेत.

आणि काय सांगत होते ते! सुरुवातीला मैदान नव्हतं, तर मिरची उचलून झाली की याच पथारीवर मॅच व्हायच्या. खेळाडू पडला की डोळे चोळत रडायचा. फाउल आहे की मिरची, रेफरीला कळायचं नाही! कप विकत आणायची ऐपत नव्हती, तर तांबटानं पितळी कळशीला दोन कान जोडून दिले. तोच कप आजही चालतो. नदीवर पूल नव्हता तेव्हा अक्कलकुव्याकडची पोरं डोंगर उतरून यायची, नावेतून तापी ओलांडायची आणि अनवाणी खेळून बूटवाल्या टीमला घरी पाठवायची. हरले तर? तर तसेच परत, नाव आणि डोंगर. पण पुढच्या वर्षी पुन्हा हजर!

मला भरून आलं हो. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मी साड्यांच्या घड्या मोडत होतो आणि माझ्याच गावात हे सगळं चाललं होतं!

“आन् एक फायनल तं इसरनाच नही,” आबा म्हणाले. “रनाळाना बापू. गोलकीपर. मॅच बरोबरीमा. पेनल्ट्या मारात, त्या बी बरोबरीमा. मंग...”

मला शिंक आली. मग दुसरी आली.

“मग काय, आबा?”

“मंग सडन डेथ!”

मी थिजलो. “कोणाची?”

“आखो कोननी? बापूनी! भर मैदानमा!”

“अरेरे! मग?”

“मंग काय! लोकेस्नी त्याले खांदावर लिधा. गुलाल, हार, बँड! वाजत-गाजत रनाळालगून लई गयात. त्यानी माय तं रडी रडी बेजार!”

“वय काय होतं हो?”

“मिसरूड बी नीट फुटेल नव्हतं, पन लगीन व्हई जायेल व्हतं. तसा गोलकीपर फिरी व्हयनाच नही.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. अर्धी मिरचीमुळे, अर्धी बापूमुळे. तेवढ्यात आबांना लिलावासाठी हाक आली आणि ते गेले. मी शिंकत शिंकत घरी आलो.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, नीट विचारून घेतलंत ना?”

“डोळ्यांत पाणी आणून सांगितलं आबांनी!”

“पाणी तर तुमच्याच डोळ्यांत दिसतंय.”

बायकोचं ऐकलं असतं तर हा किस्साच झाला नसता. पण ऐकतो कोण?

माझ्या मनात आलं, एका कपासाठी पोरानं जीव दिला, त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं असेल का? दुसऱ्याच दिवशी त्याचं गाव, रनाळे गाठलं. बापूंचं घर शोधायला वेळ लागला नाही, शेंबड्या पोरालाही माहीत. दारातून आत नजर टाकली तर भिंतीवर गोलकीपरच्या वेषातल्या तरण्याताठ्या पोराचा फोटो. फोटोला चंदनाचा हार! आता सांगा, यानंतर कुणाला शंका येईल?

आतून काकू आल्या, बापूंच्या पत्नी. आणि कपाळावर हे एवढं ठसठशीत कुंकू! मी मनातल्या मनात हात जोडले. वा! केवढी धीराची बाई! लोक काय म्हणतील याची पर्वा न करता हिनं कुंकू राखलं!

आता उघड उघड कसं विचारणार? मी आवाज खाली आणला. “काकू, जुन्या गोष्टी उकरून काढायच्या नाहीत मला. पण ती फायनल...”

काकूंनी सुस्कारा सोडला. “काय सांगू भाऊ. त्या फायनलपाइन ते मन्हा ऱ्हायनातच नही.”

“खरंय, काकू.”

“त्यासना जीव त्या मैदानमाच अटकेल शे. सांजले ताट वाढीसन मी वाट देखस. कधी येतस, कधी येतस बी नही.”

माझ्या अंगावर काटा आला. रोज ताट वाढते ही माउली! कधी कावळा शिवतो, कधी शिवत नाही! मी आता उघडच हात जोडले. “काकू, फायनलला या. तुमचा मान करायचाय,” एवढंच म्हणालो आणि घाईनं निघालो. दुकानात येऊन सगळ्यांत चांगली हिरवी पैठणी बाजूला काढली.

फायनलच्या दिवशी मैदान असं भरलं होतं, की झाडाच्या फांद्यांवरही माणसं. एकीकडे रनाळे, दुसरीकडे अक्कलकुवा. कमिटीनं सांगितलं, आधी इतिहास, मग मॅच. पांढरा झब्बा, पायात राजस्थानी मोजडी असा मी स्टेजवर चढलो. समोर तो पितळी कप उन्हात लखलखत होता. आणि राव, भाषण रंगलं! खोटं कशाला बोलू, तसं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. पथारी सांगितली, कळशी सांगितली, नाव सांगितली. लोक टाळ्या वाजवायचे थांबेनात.

मग मी आवाज कापरा केला.

“आणि मित्रहो, याच कपासाठी, याच गावाच्या मातीत, एका तरुणानं आपला देह ठेवला! रनाळ्याचे गोलकीपर बापू!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“त्यांची प्राणज्योत मैदानातच मालवली! त्यांची माउली रडली! याच लोकांनी त्यांना खांद्यावरून नेलं! आणि त्यांची पत्नी आजही रोज सायंकाळी ताट वाढून वाट पाहते!”

पुढच्या रांगेतल्या लोकांनी उपरणी तोंडात कोंबली. खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं, हुंदके. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला आबा खेळाडूंजवळ होते. ते दोन्ही हात हलवत, धोतर सावरत माझ्याकडे पळत येत होते. मला वाटलं, भाषण आवडलं!

“आपण सर्व उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या.”

सगळे उठले. पुढच्याच रांगेत एक उंच म्हातारा होता. डोक्यावर पांढरी टोपी, हाताचे पंजे सुपाएवढे. सगळ्यांत ताठ तोच उभा राहिला, मान सगळ्यांत खाली त्याचीच. मला त्याचं कौतुक वाटलं. किती हा आदर!

शांतता संपली. मी काकूंना स्टेजवर बोलावलं. काकू आल्या त्या रागानं लालबुंद. त्यांच्या मागोमाग तो म्हाताराही पायऱ्या चढायला लागला. मी नम्रपणे हात आडवा केला.

“काका, तुम्ही खाली बसा. हा घरच्यांचा मान आहे.”

“मी घरनाच शे.”

“आपलं नातं?”

“जो आत्ते मरना ना, तो मीच.”

मला काही कळेना. काकूंना मात्र सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्या हातातला माइक हिसकावला. “काय रे भाऊ! इतला वरीस मी जेले भाकरी थापीसन घाली ऱ्हायनू, तो कोन मंग?”

मैदान फुटलं हो! हसण्याचा असा गडगडाट झाला, की झाडावरची पाखरं उडाली. एक माणूसही फांदीवरून घसरला. तेवढ्यात आबा धापा टाकत वर पोचले.

“शेठ! सडन डेथ म्हंजे पेनल्टीमा जो पह्यले चुकना, तो हारना! बापूनी शेवटली पेनल्टी अडाई आन् कप जिका! मरना कोनीच नही!”

“आणि खांद्यावरून?”

“जिकना म्हनीसन नाचाडा!”

“आई रडली ती?”

“खुशीमा!”

“घरात फोटोला हार?”

“सत्कारना शे तो!” काकू ओरडल्या. “खुटीवर धूळ खाई ऱ्हायंता, म्हनीसन फोटोले टाका!”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण धरणी तर खेळायला सपाट केलेली, ती कुठली फाटते! मी वाकून बापूंचे पाय धरले. “बापू, मला माफ करा. पण तुम्ही बसून का नाही राहिलात? श्रद्धांजलीला उभे कशाला राहिलात?”

बापू हसले. काय तो चेहरा, सांगतो तुम्हाला! रागाचा मागमूस नाही. “तू उठा म्हनना, उठनू. मन्हासाठेच व्हतं, मी बठी कसा ऱ्हासू? आन् आपलं इतलं भारी मरन आयकाले कोनले भेटस रे?”

मग त्यांनी माझा हात धरला आणि सरळ मैदानात नेलं. पेनल्टीच्या जागेवर चेंडू ठेवला. डोक्यावरची टोपी काढून काकूंकडे दिली, धोतराचा काचा मारला आणि गोलमध्ये जाऊन उभे राहिले. गुडघे वाकवलेले, पंजे पसरलेले, नजर चेंडूवर. म्हातारपण कुठल्या कुठे गेलं! दोन्ही टीमची पोरं टाळ्या वाजवत कडेला उभी राहिली, अक्कलकुव्याचीसुद्धा. अशी कळा होती त्या माणसावर.

“मार, शेठ! मी जित्ता शे का नही, तपासी ले!”

मारणं भाग होतं. डोळे मिटून धावलो आणि लाथ झाडली.

डोळे उघडले तर माझा एक पाय अनवाणी! चेंडू कासवासारखा गोलकडे निघाला होता आणि मोजडी पक्ष्यासारखी वरच्या कोपऱ्याकडे. बापूंनी पायानं चेंडू दाबला, अंग तिरकं फेकलं आणि एका हातानं मोजडी हवेतच झेलली! अहो, काय ती झेप! मी स्वतःच टाळ्या वाजवायला लागलो.

रनाळे जिंकलं, काकूंनी शेवटी पैठणीही नेली. पण आता बाजारात कुणी विचारलं, “शेठ, कधी फुटबॉल खेळलात का?” तर मी सांगतो, “एकदा. थेट फायनलच्या मैदानात!”

“मग गोल झाला?”

“व्हायचाच होता हो. पण मयतानं अडवला!”