उपणणीचा वारा

माय परभणीला माझ्या घरी येते, जेवते, नातवंडांचे लाड करते आणि संध्याकाळच्या यष्टीनं परत जाते. निदान गेल्या वर्षापर्यंत जायची. लग्न झालेल्या लेकीच्या दारात कायमचं राहणं तिला मरणापेक्षा वाईट वाटतं. "जावयाच्या जिवावर मी न्हाई बाई," हे तिचं पालुपद. मला भाऊ नाही. बाप गेला तेव्हा गावातलं घर चुलत्यांच्या वाटणीत गेलं आणि मायच्या वाट्याला जिंतूरकडच्या शिवारातला आखाडा आला. म्हणजे शेतातलं पत्र्याचं घर, त्याला लागून गोठा, थोडी हलकी जमीन आणि तिच्या शेळ्या. तिथं वीज नाही. खांब शिवारात निम्म्यावर येऊन थांबले ते थांबलेच.

इतकी वर्षं विजेवाचून तिचं काही अडलं नव्हतं. मग दमा जडला. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला, तो तिला जमेना. हात दाबायचा तेव्हा श्वास बाहेर आणि श्वास आत तेव्हा हात सुटलेला. औषध सगळं जिभेवर. शेवटी वाफेचं मशीन दिलं, दोन वेळ घ्यायची वाफ. त्या मशीनला वीज लागते. डॉक्टर सरळ म्हणाले, "वीज नसेल तर यांना परभणीत आणा." मायनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच त्यांना शिकवून ठेवलं होतं.

सोलर का नाही, असं सगळेच विचारतात. शेजारच्या दोन आखाड्यांवरच्या प्लेटा चोरीला गेल्या होत्या. शिवाय तिला दम लागतो तो पावसाळ्याच्या ओलीत, तेव्हा ऊन कुठं असतं? वारा मात्र असतो. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा एक मिस्त्री म्हणाला, की भंगारातल्या मोटारीवर छोटी पवनचक्की करून देतो. पाइप कापून पाती करायची, खाली बॅटरी ठेवायची, एक दिवा आणि वाफेचं मशीन आरामात चालेल. आम्हाला परवडण्यासारखं तेवढंच होतं. मी तर हरखूनच गेले. मायला वीज मिळणार, मायचा हट्टही राहणार.

आता ती उभी कुठं करायची? मिस्त्री माळाच्या टेकाडाकडं बघत होता. मायनं त्याला हाताला धरून खळ्यावर नेलं. "वारा हितं हाय. माझ्या सासऱ्यानं पारखून ठेवलेली जागा हाय ही. चार आखाड्यांची ज्वारी हितंच उपणायला यायची." मिस्त्री मान डोलवेना तशी ती घरात गेली, सुपात भुसकटासकट ज्वारी घेऊन आली आणि डोक्यावर हात नेऊन सूप हळूहळू कलतं केलं. दाणे पायाशी पडले, भुसकट एका रेषेत बाजूला उडालं. इतकं सुरेख, की मायसकट आम्ही तिघंही खूश होऊन पाहत राहिलो. टेकाड लांब, तारही लांब ओढावी लागली असती, आणि तिथं राखण कोण करणार? मिस्त्री म्हणाला, "मावशी, तुमचं खरं हाय." खळ्यावरच खड्डा खोदला.

शिवारातल्या लोकांनी नाकापेक्षा मोती जड म्हणून हसून घेतलं. माय चक्कीला भिंगरी म्हणायची. मृगापासून आषाढ संपेपर्यंत भिंगरी अशी गरगरली, की पत्रे हादरायचे आणि शेळ्या कान टवकारून उभ्या राहायच्या. माय दोन्ही वेळ वाफ घ्यायची. फोनवर तिचा आवाज मोकळा यायचा. "लय मजेत हाय मी, तू येऊ नको उगं," म्हणायची. मीही जाणं कमी केलं. तेवढे महिने मला शांत झोप लागली, हे सांगायलाच हवं.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन काढायला आलं आणि वारा पडला. म्हणजे आम्हाला वाटलं, पडला. बॅटरी उतरू लागली. आधी दिवा बंद केला, मग वाफ एक वेळ, मग ये रे माझ्या मागल्या. आणि नेमकं तेव्हाच चहूकडं मळणीयंत्रं सुरू झाली. सोयाबीनचा तो पिवळा, खाजरा धुरळा आखाड्यावर बसायला लागला. फोनवर माय अर्ध्या वाक्यात थांबायची. मी दुपारच्या यष्टीनं गेले.

ती खळ्यावर उभी होती. हातात सूप. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती आणि ही बाई सुपातून भुसकट सोडत होती. भुसकट उडत होतं, अगदी आधीसारखंच, एका रेषेत. वर पाती थिजलेली. मान वर करून ती मला म्हणाली, "वारा तर हाय गं. मग ही फिरंना कशी?"

माझ्या डोक्यात तेव्हा लखकन प्रकाश पडला. उपणायला जोराचा वारा चालतच नाही. भुसकटाबरोबर दाणेही उडून जातील. आजोबांनी पारखलेली जागा टेकाडाच्या आडोशाची, मंद आणि एकसारख्या वाऱ्याची होती. पाचोळा हलेल एवढाच वारा. आषाढात सगळीकडंच वादळ असतं, म्हणून तेव्हा काही कळलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण खोटं नव्हतं, ते ज्वारीसाठी होतं. हे मी तिला त्या क्षणी कसं सांगणार? "माय, आत चल," एवढंच म्हणाले. ती दोन पावलं चालली आणि खाली बसली. ओठ निळे पडले होते. शेजारच्या आखाड्यावरची जीप मिळाली म्हणून बरं, नाहीतर माय हाती लागली नसती.

दवाखान्यातून तिला माझ्या घरी आणलं. शेळ्या बघायला कोणी नव्हतं, विकल्या. विकल्याचं कळल्यावर ती भांडली नाही, रडली नाही. तेच मला जास्त लागलं. आता तिला दोन्ही वेळ वाफ मिळते. बटण दाबलं की मशीन घुरघुरतं. तब्येत सुधारली आहे, वजनही वाढलंय. मिस्त्री म्हणतो, चक्की टेकाडावर हलवू. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धुरळ्यात एकटीला ठेवायचं नाही. मी मिस्त्रीला पुन्हा फोन केला नाही.

कपाटातला एक खण मी तिच्यासाठी रिकामा केला. ती लुगडं पिशवीतून काढते, धुऊन वाळलं की घडी करून पिशवीतच ठेवते. मला या गोष्टीचा राग येतो, आणि राग आल्याची लाजही वाटते. शेजारीण विचारते, "आजी, कधी आलात?"

"आले कालच," माय म्हणते. "उद्या जायचंय."

संक्रांत होऊन गेली तरी उत्तर तेच. पहिल्यांदा मी मध्येच बोलले, "काहीतरीच काय, माय इथंच असते आता." शेजारीण गेल्यावर मायनं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "चारचौघांत असं सांगत जाऊ नको गं. माणसाला लाज असती."

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. माय उत्तर देणार तोच तिला ढास लागली. शेजारीण माझ्याकडं बघत थांबली.

"कालच आलीय," मी म्हणाले. "उद्या जायचं म्हणतेय."