वाटाण्यांचा आग्रह

कारखाना बंद पडल्यापासून मी बर्मिंगहॅमच्या घरात इतकी वर्षं बसून होतो, की सोफ्यात माझा साचाच उमटला होता. अशात जवळच्या शाळेत दुपारचं जेवण वाढायचं पार्ट-टाइम काम निघालं.

"अहो, चार पळ्या वाढायला जाल आणि घरभाड्याची सरकारी मदत घालवून बसाल," बायको म्हणाली.

धास्ती मलाही होतीच. पण जॉब सेंटरमधल्या बाईंनी समजावलं, की पगार सुरू झाला म्हणून मदत एकदम तुटत नाही, हळूहळू कमी होते. तास घटले तर परत वाढते. एकूण हातात जास्तच येतं. बायकोने हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग मला म्हणाली, "जा. पण घरात कधी स्वतःचं ताट उचललं नाहीत, तिथे काय दिवे लावणार?"

पहिला दिवस ट्रायलचा. जमलं तर काम पक्कं. आता मला वाढण्याचा एकच प्रकार ठाऊक, लग्नाच्या पंगतीतला. पोरगं "नो थँक यू" म्हणालं, की मला ऐकू यायचं, 'अजून एकदा विचारा.' मग काय, प्रत्येक प्लेटमध्ये मॅशचा, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर आणि बाजूला वाटाणे! शेवटचा वर्ग रांगेत आला तेव्हा बटाट्याच्या ट्रेचा तळ चकाकत होता.

किचनच्या मुख्य बाईने ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने पास्ता उकळायला टाकला. जेवणं आटोपल्यावर मी गुपचूप एप्रनची गाठ सोडायला लागलो.

"कुठे निघालास, बॅब?" बॅब म्हणजे बाळ; इथे लाडाने लहानथोर सगळेच बॅब, माझ्या टकलाचाही मुलाहिजा नाही. "बटाट्यांना तू पुन्हा हात लावायचा नाहीस. पण वाटाणे कसे संपले? रोज निम्मे कचऱ्याच्या बिनमध्ये जातात."

मी चाचरत सांगितलं, की आमच्याकडे एक घास चिऊचा, एक काऊचा म्हणत भरवतात. इथे मी त्यात इथला रॉबिन पक्षीही घेतला.

ती हसून म्हणाली, "उद्यापासून भाज्यांपाशी उभा राहा. तिथे कर काय तो आग्रह."

संध्याकाळी बायकोने वाटाण्याची उसळ केली. तिसऱ्यांदा पळी पुढे आली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

"घ्या हो," ती म्हणाली, "उद्या कामावर जायचंय ना?"