मागचे दिवे

भाऊजी मला शेवटचे दिसले ते नुसते पाय. विटलेले निळे मोजे, एका टाचेला भोक, आणि बाकीचा माणूस ट्रेलरच्या खाली. मी नलूताईकडे मेथीचे लाडू द्यायला गेले होते. थंडी मी म्हणत होती, आणि हा गृहस्थ पोर्चच्या फरशीवर सतरंजी अंथरून उताणा पडलेला. "भाऊजी, वय काय आणि करताय काय!" मी नेहमीसारखी ओरडले. खालून आवाज आला, "मेहुणीबाई, गाडीत बसा अन् डावा इंडिकेटर लावा. बोलणं मग." बसले, लावला. मागून नलूताई म्हणाली, "लागला." झालं. लाडवांचा डबा ठेवून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर दूध होतं आणि तिचा फोन आला... "शैला, हे उठत नाहीयेत गं." तिचा आवाज इतका साधा होता की मला वाटलं, उठवायला हात द्यायला बोलावतेय. निघताना गॅस कधी बंद केला आठवत नाही, पण दूध उतू जाऊन करपलेलं मला दिसलं ते थेट संध्याकाळी, घरी परत आल्यावर.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, प्रभाकर. विमा कंपनीत होते, बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. पुढे आमच्या ह्यांचीही बँकेतून इकडे बदली झाली, तेव्हा इथल्या मानसरोवर वसाहतीत आमच्यासाठी घर शोधलं ते भाऊजींनीच. आपल्या घरापासून हाक मारता येईल अशा अंतरावर. आम्ही बहिणी सांगलीच्या आणि हे अकोल्याचे. मला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय करून राहिली?" मी म्हणायची, "भाऊजी, करून राहत नाही हो, नुसतं करते." मग ते ती सांगलीची शिष्ट मराठी तोंड वेंगाडून बोलून दाखवायचे, आणि नलूताई दोघांनाही गप्प करायची. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही. मात्र मागच्या दिव्याची काच मळकी दिसली की खाली उतरवून पुसायला लावायचे.

त्याचं कारण आता सांगायलाच हवं. जयपूरला आल्या आल्या पहिल्याच वर्षी दोघं स्कूटरवरून जवळच्या चाकसू गावी शीतलामातेचा मेळा बघायला गेले होते. आपल्याकडे शीतला सप्तमी श्रावणात येते, इथे होळी झाली की लगेच. आदल्या दिवशीचं शिळं खायचं, ते मात्र दोन्हीकडे सारखं. नलूताईला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. परत येताना दिवेलागण झाली. टोंक रोडला कडेला एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, काही म्हणजे काही नाही. भाऊजींना ती दिसली तेव्हा स्कूटर तिच्यात शिरली होती. त्यांना खरचटलं. नलूताईच्या पाठीचा कणा गेला, आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. स्कूटर ते चालवत होते... एवढंच. यावर ते कधी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, आणि नलूताईने तर त्यांना शब्दानेही दोष दिला नाही. पण त्या माणसाने उरलेलं सगळं आयुष्य गाड्यांच्या मागे उभं राहून काढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे नलूताईसाठी बॅटरीवर चालणारी तीनचाकी खुर्ची आली. घरात, गल्लीत, भाजीला, सगळीकडे ती भुर्र जायची. पण तीनचाकी चांगली जड, कारमध्ये मावेना. तेव्हा भाऊजींनी एका वेल्डरला गाठून बुटका, उघडा ट्रेलर बनवून घेतला, कारला मागे हूक बसवला, आणि फळीवरून तीनचाकी वर चढवून तिला जग दाखवायला निघाले. हूक एका दिवसात बसला. दिव्यांनी मात्र भाऊजींचा जीव खाल्ला. ट्रेलरला पार्किंगचे दिवे हवेत, दोन इंडिकेटर हवेत, ब्रेकचा दिवा हवा, आणि ते सगळे कारमधून लागायला हवेत. त्यासाठी कारच्या मागे एक सॉकेट, त्यात सात पिना, प्रत्येक पिनेला वेगळ्या रंगाची वायर. इथल्या धुळीने आणि पावसाने त्या पिनांवर हिरवट गंज चढायचा, की एखादा दिवा रुसलाच. कधी बल्ब गेलेला, कधी फ्यूज, कधी वायर घासून तुटलेली. भाऊजी एक बल्ब आणि दोन वायरींचा घरी बनवलेला टेस्टर घेऊन एकेक पिन तपासत बसायचे. आमच्या सासूबाई पोथी वाचताना जशा बसायच्या, तसं त्यांचं लक्ष.

आणि यात एक गोम आहे, जी मला फार उशिरा कळली. इंडिकेटर लावून ठेवता येतो, पार्किंगचे दिवे लावून ठेवता येतात, मग मागे जाऊन सावकाश बघता येतं. पण ब्रेकचा दिवा पाय पेडलवर असेपर्यंतच लागतो. तो एकट्या माणसाला बघता येत नाही. पुढे एक पाय हवा आणि मागे एक डोळा हवा. भाऊजींच्या मागचा डोळा म्हणजे नलूताई. बाहेर निघायचं म्हटलं की ही तीनचाकी घेऊन ट्रेलरच्या मागे जाऊन थांबायची. पुढून "डावा!" मागून "लागला." "उजवा!" "लागला." "ब्रेक!" "लागला." गल्लीतल्या सगळ्यांना ते पाठ झालं होतं. समोरच्या सक्सेनाजींच्या घरात कुणी पंख्याचं बटण दाबलं की आतून कुणीतरी "लागला" म्हणायचं, इतकं! मी चिडवायची, "नवराबायको एकमेकांशी गोड बोलतात म्हणे, तुमचं आपलं डावा-उजवा." नलूताई म्हणायची, "आमचं गोड तेच आहे."

जुनी कार जाऊन नवी आली तेव्हा घरात सुतकच पडलं म्हणा ना. जुनीत कसं, वायरला वायर जोडली की झालं. नवी कार शहाणी. कुठल्या दिव्याला किती वीज चालली यावर तिची नजर. ट्रेलर जोडला रे जोडला की इंडिकेटर वेड्यासारखा टिकटिक टिकटिक सुटायचा आणि समोर पिवळी खूण यायची, की दिवा बिघडला. बिघडलेलं काहीच नसायचं. भाऊजींनी जेवणखाण सोडलं. ऐन उन्हाळ्यात ओला पंचा डोक्याला गुंडाळून डिकीत डोकं घालून बसायचे आणि गाडीशी अकोल्याच्या भाषेत बोलायचे, जे इथे छापता येणार नाही. शेवटी एका दुपारी माझ्याकडे चहाला आले ते हसतच. "जमलं. हिच्या ताटातलं काढून ट्रेलरला वाढत होतो, म्हणून ही बोंबलून राहिली होती. आता ट्रेलरची चूल वेगळी मांडली." म्हणजे बॅटरीकडून थेट वेगळी वायर आणली आणि मध्ये रिले बसवले, असं त्यांनी मला बशीतल्या बिस्किटांची मांडणी करून समजावलं. मला शष्प कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून मी आणखी एक कप चहा टाकला.

ट्रेलर झाल्यावर पहिल्यांदा कुठे जायचं, असं भाऊजींनी विचारलं तेव्हा नलूताई म्हणाली होती, "चाकसूला. मेळ्याला." ते पांढरेफटक पडले. "काहून तिथंच?" "मेळा अर्धा राहिलाय माझा." झालं! मग दरवर्षी होळीनंतर चाकसू ठरलेलं, आणि मीही बरोबर. वर टेकडीवरच्या देवळात नलूताई कधी गेली नाही, पायऱ्या आहेत. खालच्या मेळ्यात मात्र तिची तीनचाकी अशी घुसायची की घुंघटवाल्या बायका हसत हसत वाट द्यायच्या. आम्ही दोघी बांगड्या बघत असू तेव्हा भाऊजी ट्रॉल्यांच्या रांगेत. गावोगावची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून मेळ्याला येतात, त्या ट्रॉल्या शेत भरून उभ्या असतात. भाऊजींच्या खिशात चमकणाऱ्या लाल टेपची गुंडाळी आणि कात्री. एकेका ट्रॉलीपाशी जायचे, "भैया, पीछे लगा दूँ क्या? रात को दिखेगा." कुणी हो म्हणायचं, कुणी संशयाने बघायचं, एकाने तर विचारलं, "बाऊजी, कौनसी पार्टी से हो?" ते हसायचे, फडक्याने पत्रा पुसायचे आणि पट्टी चिकटवायचे. एकदा परतीच्या वाटेवर तिन्हीसांजेला आमच्या पुढे एक ट्रॉली चालली होती. आमच्या दिव्यांच्या उजेडात तिच्या मागची लाल पट्टी लखकन चमकली. नलूताई म्हणाली, "अहो, तुमची." भाऊजी गाडी हळू करून बराच वेळ तिच्या मागून चालवत राहिले.

ते गेले आणि नलूताई घरात जाऊन बसली. रडली नाही, जेवत होती, विचारलं तर बोलत होती, पण उंबरठ्याबाहेर येईना. मी म्हणायची, चल बागेत जाऊ. "नको गं." भाजीला? "तूच आण." होळी जवळ आली. मेळ्याचं नाव काढलं तर म्हणाली, "माझा झाला आता मेळा, शैला. ट्रेलर कुणाला तरी देऊन टाक." मला एकदम चीड आली. भाऊजींचीही आली, असं न सांगता उठून गेल्याबद्दल. मनात म्हटलं, ही यंदा गेली नाही तर पुन्हा कधीच दाराबाहेर येणार नाही. बाईमाणूस घरात एकदा रुजलं की रुजलंच. म्हणून तिला न सांगता मी ट्रेलर रंगाऱ्याकडे पाठवला आणि झकास आकाशी रंग देऊन आणला. मोठ्या हौसेने भाऊजींच्या कारला जोडला, सॉकेट लावलं आणि बघते तर काय, दिव्यांचा नुसता गोंधळ! ज्याच्याकडे गाडीची कामं टाकतो त्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. तो म्हणाला, "आंटीजी, वो अंकलजी का अपना सिस्टम था, मैं हाथ नहीं लगाऊँगा."

मग म्हटलं, आपणच बघू. नलूताईच्या पोर्चमध्ये सांजावत आलं होतं. मी आत बसून ब्रेक दाबायची, मग उतरून मागे पळायची, आणि मागे पोचेपर्यंत अर्थातच पाय माझ्याबरोबर आलेला! पेडलवर वीट ठेवली, ती घसरून माझ्याच पायावर पडली. दुसऱ्यांदा कशीबशी बसली. मागे जाऊन पाहिलं आणि मी मोठ्यांदा बोलले, अगदी मुद्दाम, खिडकीकडे तोंड करून, "अगंबाई! ब्रेक दाबला तर दोन्ही इंडिकेटर मिणमिणतायत! भुताटकी आहे की काय!"

मग खिडकीतून आवाज आला. "दोन्ही?"

"दोन्ही."

"पार्किंगचे दिवे लावून बघ. ब्रेकबरोबर तेही मंद होतात?"

लावले. होत होते. "हो गं."

"अर्थिंग सुटलंय. हुकाच्या डाव्या अंगाला पांढरी वायर आहे, ती बोल्टने सांगाड्याला कसलीय बघ."

मी वाकले. "बोल्ट आहे, पण सगळा रंगात माखलाय."

"रंग? कसला रंग?" आणि दार उघडलं, तीनचाकी उतारावरून खाली आली. "शैले! हा काय अवतार केलास? रंगाऱ्याने वायर काढून खाली रंग फासला आणि वरून पुन्हा कसली! रंगातून वीज जाते होय? तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" भाऊजी गेल्यापासून ती पहिल्यांदा कुणावर तरी ओरडत होती. मी हसू दाबून ऐकून घेतलं. वायरी भाऊजींना कळत होत्या, पण इतकी वर्षं मागे बसून दिव्यांची प्रत्येक खोड पाहिली होती ती हिने. तिने पाना दिला, मी बोल्ट काढला. तिने काचपेपर दिला, मी पत्रा लखलखीत होईपर्यंत घासला, मग वायर घट्ट कसली. नलूताई न सांगता तीनचाकी वळवून ट्रेलरच्या मागे गेली. मी जाऊन चालकाच्या जागी बसले.

"डावा!" "लागला." "उजवा!" "लागला." मी ब्रेकवर पाय दिला. "ब्रेक!"

मागून काहीच आलं नाही. "नलूताई, लागला का?" तरी नाही. आरशात बघितलं, तर ती तिथेच होती. लाल उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता, पदर तोंडात धरला होता, आणि खांदे हलत होते. मी पुन्हा विचारलं नाही. पायही काढला नाही. माझी पोटरी भरून आली, तरी तसाच दाबून धरला...

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "सोड गं आता. बॅटरी उतरेल. चाकसूला न्यायचीय ना गाडी?"

मी पाय काढला.