आठ फुटांचा दोरा

"पलसाणा अजून किती लांब, बाई?" शालिग्रामभाऊंनी चौथ्यांदा विचारलं आणि उत्तर न ऐकताच पुढे गेले. शंभर पावलं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा मागे आमच्यापर्यंत यायचं, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं. आमचा एक किलोमीटर झाला की त्यांचे दोन व्हायचे.

अठ्ठ्याण्णवचा चैत्र होता. सुरतेजवळच्या उधन्यातली आमची खानदेशी मंडळी दरवर्षी सप्तशृंगीला पायी जातात, त्यांच्याबरोबर मी निघाले होते. पहिला मुक्काम पलसाण्याला. ऊन डोक्यावर आलेलं, ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते आणि रस्त्याच्या कडेने कापड रंगवणाऱ्या कुठल्या तरी डाइंग मिलचं जांभळं पाणी वाहत होतं. माझ्या शेजारी शालिग्रामभाऊंची बायको सुंदराबाई होती. तिच्या डोक्यावर ओटीचं गाठोडं होतं. भाऊंच्या खांद्यावर प्लास्टिकचा एक लांब पाइप, दोन्ही तोंडांना फडकं बांधलेला.

"बाई, त्या पाइपमा देवीनी साडी शे असं वाटनं का तुमले?" सुंदराबाई म्हणाली. "गाड्या शेतस त्यामा. बारा वरीस व्हयनात, खाटना खाले गाड्याच गाड्या. पापडना डबा ठेवाले जागा नही."

"ऐकू येतंय मला," पुढून आवाज आला.

"ऐकाकरताच बोली राहिनू!"

शालिग्रामभाऊ अमळनेरकडचे. विशीत सुरतेला आले आणि एका प्रिंटिंग मिलमध्ये ट्रेसर झाले. साडीचं डिझाइन कागदावर दुसराच कोणी काढतो. ट्रेसरने त्यातला एकेक रंग वेगळा करून पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने उतरवायचा. लालची एक फिल्म, हिरव्याची एक, पिवळ्याची एक. त्यावरून छपाईच्या जाळ्या बनतात. सगळ्या फिल्म एकावर एक बरोबर बसाव्यात म्हणून प्रत्येकीवर त्याच जागी फुलीची खूण करतात. खूण केसभर हलली तरी फुलाचा लाल रंग पाकळीबाहेर जातो आणि अख्खा माल बिघडतो. वीस वर्षं हा माणूस खुणा जुळवत बसला होता. हात इतका स्थिर की पाहत राहावं, पण हात टेबलावरून उचलला की माणूस स्थिर नाही. बसले तर पाय हलवणार, उभे राहिले तर बोटाने हवेत रेघा मारणार.

त्या रेघा गाडीच्या असत. शहाऐंशी साली त्यांच्या मिलमध्ये विलायतेहून मशीन आलं. ते बसवायला आलेला गोरा फिटर जाताना जुन्या मोटारींची मासिकं टाकून गेला. भाऊंनी ती उचलली आणि त्यातली एक घेऊन माझ्या दारात आले. मी उधन्याच्या मराठी शाळेत शिकवते, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. "बाई, ही कोणती गाडी आहे तेवढं वाचून द्या."

जॅग्वार ई-टाइप. माझं शिक्षण मराठी शाळेतलं. डिक्शनरी घेऊन चित्राखालची ओळ लावता लावता संध्याकाळ झाली. त्या ओळीत होतं, की पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत शहाण्णव इंच.

"म्हणजे बरोबर आठ फूट," मी म्हटलं.

"बरोबर आठ?" त्यांचा पाय हलायचा थांबला. "ना इंच जास्त, ना कमी?"

त्यांना खूण सापडली होती. त्या दिवसापासून चौक बाजारातल्या रद्दीवाल्यांकडून ते विलायती मासिकं धुंडाळू लागले. ती गाडी एकसष्ट ते चौऱ्याहत्तर, चौदा वर्षं निघाली आणि बदलत गेली. आधी दिव्यांवर काच होती, ती गेली. मागचे दिवे बंपरच्या वर होते, ते खाली आले. पुढचं तोंड माशासारखं लहान होतं, ते मोठं झालं आणि शेवटी त्यात जाळी बसली. भाऊंनी प्रत्येक बदलाची वेगळी फिल्म काढली. चित्र लहान असो की मोठं, ते मोजून वाढवायचं किंवा घटवायचं आणि दोन चाकांचे मध्यबिंदू दोन फुल्यांवर बसवायचे. एकावर एक सगळ्या फिल्म ठेवून खिडकीशी धरल्या की चौदा वर्षं एकदम दिसत. गाडी त्यांनी फक्त कागदावर पाहिली होती. पण मी सांगते, असं काम मी दुसरं पाहिलं नाही.

आणि योगेंद्र होता. शेजारच्या टेबलावरचा ट्रेसर, धुळ्याचा, भाऊंपेक्षा दहा वर्षांनी लहान. तीच मासिकं पाहून तो पोर्शे गाडीचा झाला. डब्याच्या सुटीत दोघांची जुंपायची आणि अख्खी ट्रेसिंगची खोली हातातली भाकरी तशीच धरून ऐकायची.

"तुझ्या जग्वारला दर चार वर्षांनी नवं नाक लागतं, शालिग्रामभाऊ. नवरी आहे की गाडी?"

"आणि तुझी? इंजिन मागे, सामान पुढे. उलटा सदरा घातल्यासारखी."

"उलटी का असेना, चौसष्टपासून तीच आहे. तिला बदलावं लागत नाही. मला एकच फिल्म पुरते."

"एकच फिल्म काढणाऱ्याला ट्रेसर म्हणत नाहीत रे, आळशी म्हणतात!"

दोघं एकाच सायकलवरून घरी जात. भाऊबीजेला सुंदराबाई योगेंद्रलाही ओवाळायची.

शहाण्णव साली एका दुपारी योगेंद्रने भाऊंची एकाहत्तर सालची, म्हणजे तिसऱ्या तऱ्हेच्या गाडीची फिल्म उचलली आणि पहिलीवर ठेवली. "भाऊ, हिची चाकं लहान का?"

"कंपनीने लहान केली."

"अख्खी गाडीच चेपल्यासारखी दिसते. चाकं लहान झाली नाहीत, गाडी लांब झाली. तू तिला आठ फुटांत कोंबलीस. ही फिल्म खोटी आहे."

ट्रेसरच्या कामाला खोटं म्हणणं म्हणजे काय, ते त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. भाऊंनी फिल्म हिसकावून घेतली. "लांब झाली तर ती माझी गाडीच नाही," म्हणाले. त्या दिवसापासून ते योगेंद्रशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मिलमध्ये कॉम्प्युटर आला, ट्रेसिंगची टेबलं उचलली गेली. योगेंद्र कॉम्प्युटर शिकला. भाऊ दुसऱ्या मिलमध्ये जाळ्यांची भोकं बुजवायच्या कामाला लागले. घर मात्र त्याच गल्लीत. समोरासमोर आले की एकजण दुकानाची पाटी वाचायचा, दुसरा आभाळ बघायचा.

गंमत अशी की खरी गाडी कुठे आहे ते भाऊंना तेव्हापासून ठाऊक होतं. पलसाण्याच्या अलीकडे आफ्रिकेतून परत आलेल्या एका पटेलांची वाडी आहे. तिथल्या शेडमध्ये तसली गाडी झाकून ठेवली आहे, असं एका टेम्पोवाल्याने त्यांना सांगितलं होतं. बसने तासाभराची वाट, पण दोन वर्षं गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "वेळ कुठे आहे?" वेळ होता. धीर नव्हता.

यंदा मात्र योगेंद्र येत्या शनिवारी बायकामुलांसह कायमचा अहमदाबादला निघाला होता. आम्ही वणीहून परत येऊ तेव्हा त्याच्या दाराला कुलूप असणार होतं.

"बाई, खोटं कशाला बोलू," निघताना भाऊ म्हणाले होते, "मी देवीला येतोय, पण आधी गाडीला जातोय."

मला ते पटलं नव्हतं. देवीच्या वाटेला लागलं की मधे दुसरं काही नसावं असं मी मानते. पण तो हलणारा पाय बारा वर्षं मी पाहत होते. मनात म्हटलं, आई, तूच सांभाळून घे.

वाडीचं फाटक आलं तशी मंडळी पुढे गेली आणि आम्ही तिघं वळलो.

"देवीनी वाट ती शे, तू कथा जाई राहिना?" सुंदराबाई ओरडली खरी, पण वळली आधी तीच.

राखणदार छगन म्हणून होता. देवीला जाणारी माणसं बघून त्याने पाणी दिलं. मालक परदेशात होते. भाऊंनी काय हवं ते सांगितल्यावर त्याला हसू आलं, पण त्याने शेड उघडली आणि ताडपत्री ओढली.

गाडी तांबडी होती, रंग उडालेला, टायर बसलेले. पुढच्या तोंडाला जाळी. तिसऱ्या तऱ्हेचीच. भाऊ दारातच उभे राहिले. बराच वेळ त्यांचं काहीच हलत नव्हतं, ना पाय ना बोट. मग खाली बसून त्यांनी खिशातून एक दोरा काढला. जाड, पांढरा, दोन्ही टोकांना गाठ.

"आठ फूट," म्हणाले. "घरी तीनदा मोजलाय. बाई, ही गाठ पुढच्या चाकाच्या मधोमध धरा."

मी धरली. ते दोरा ताणत मागे गेले. मागच्या चाकाशी पोचायच्या आधीच दोरा संपला.

"तुमच्याकडे सुटली गाठ."

"नाही हो भाऊ, दाबून धरलीय."

"मग तिरकी धरली असेल."

दुसऱ्या बाजूने मोजलं. मग त्यांनी पुढची गाठ सुंदराबाईला धरायला दिली, मला मागे बोलावलं. दोरा तितकाच कमी पडला. छगन वाकून बघत होता. "दोरी टूंकी पडी, भाई," तो म्हणाला.

भाऊंनी गाठीपासून चाकाच्या मध्यापर्यंत हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पुरी एक वीत. नऊ इंच.

मग ते उठले. पाइपमधून तिसरी फिल्म काढली, गाडीसमोर धरली, गुंडाळून परत आत घातली. पाइपच्या तोंडावर फडकं बांधायला त्यांना खूप वेळ लागला. बारा वर्षांत त्या हातांना गाठ मारायला वेळ लागलेला मी पाहिला नव्हता.

पलसाण्यात मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर मंडळी जेवायला बसली होती. भाऊ जेवले नाहीत. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. शेवटी सुंदराबाईने वरण-भाताची पत्रावळ त्यांच्या वाटेत ठेवली आणि म्हणाली, "वलांडीसन जाय आते." ते थांबले, पण बसले नाहीत.

माझ्या जिवाला चैन पडेना. पाइपमध्ये फिल्मबरोबर मासिकांची कात्रणंही होती, ती मी मागून घेतली. त्यात एक मोठा लेख होता, जॅग्वार आणि पोर्शे समोरासमोर ठेवून केलेला, शेवटी बारीक अक्षरांचं कोष्टक. आम्ही दोघांनी बारा वर्षं त्यातली चित्रं पाहिली होती. चित्राखालच्या ओळी मी वाचून दिल्या होत्या. कोष्टक आकड्यांनी भरलेलं आणि इंग्रजी, म्हणून मी ते सोडून देत आले होते. आता बोट ठेवून एकेक ओळ वाचली. पहिली जॅग्वार, शहाण्णव. तिसरी, एकशे पाच.

"भाऊ, इथेच लिहिलं होतं," मी म्हटलं. "मी वाचलं नाही. माझी चूक."

"तुम्ही वाचलं असतं तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले. "मला खूण सापडली होती ना."

मी तशीच पुढच्या ओळीवर गेले. पोर्शे. अडुसष्टपर्यंत सत्त्याऐंशी इंच. एकोणसत्तरपासून एकोणनव्वद आणि वर थोडं. मागची चाकं मागे सरकवली होती. मी दोनदा वाचलं आणि मोठ्याने सांगितलं.

शालिग्रामभाऊ फेऱ्या मारायचे थांबले. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्याची पण लांबली? सव्वादोन इंच?"

"कोष्टकात तसंच आहे."

ते ओट्यावर टेकले. दोन घास खाल्ले. मंडळींच्या पांघरुणांचा टेम्पो उतरवून झाला होता आणि ड्रायव्हर उधन्याला परत निघायच्या बेतात होता. भाऊ उठून त्याच्याकडे गेले, काहीतरी बोलले, त्याला थांबवून माझ्यापाशी आले. माझ्याकडे मंडळींची नावं लिहिलेली वही होती. तिच्यावर नजर ठेवून उभे राहिले. पाय हलत होता.

"बाई, एक काम करा. योगेंद्रला चिठ्ठी लिहा. माझ्या तोंडून निघणार नाही आणि माझं अक्षर त्याला बघवत नाही. लिहा, शालिग्राम चुकला. तिसरी फिल्म खोटी होती, तू म्हणालास ते खरं. खरी गाडी दोऱ्याने मोजली, वीतभर जास्त भरली. हे मोठ्या अक्षरात लिहा."

मी कोरं पान काढलं आणि पेनचं टोपण उघडलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"आणि बाई," ते खाली वाकून म्हणाले, "त्याच्या गाडीचे सव्वादोन इंच पण खाली लिहा. बारीक अक्षरात चालेल. पण लिहाच."